रॅमची झडती

संगणक बिघडला की आळ कोणावर घ्यायचा, याचा आपल्याकडे एक ठरलेला क्रम आहे. आधी व्हायरस, मग विंडोज, मग हार्ड डिस्क, आणि काहीच हाती लागलं नाही तर वीज. मशीन दुरुस्तीला गेलं की फॉरमॅट मारला जातो, विंडोज नव्यानं टाकलं जातं, दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच निळा पडदा. या सगळ्यात रॅमचं नाव फार उशिरा निघतं. रॅम पुरती मेली असेल तर प्रश्नच नसतो. मशीन सुरूच होत नाही, नुसते बीप वाजतात. मग कारागीर स्टिक बाहेर काढतो, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासतो, पुन्हा स्लॉटमध्ये दाबून बसवतो आणि बऱ्याचदा तेवढ्यानं भागतंही. पण जी रॅम नव्व्याण्णव वेळा बरोबर उत्तर देते आणि शंभराव्या वेळी एखादा बिट उलटा सांगते, तिच्यापर्यंत संशय पोचतच नाही.

कारण अशी रॅम गुन्हा दुसऱ्याच्या नावावर करते. डाउनलोड केलेली झिप फाइल उघडत नाही, तेव्हा आपण इंटरनेटला दोष देतो. सेटअप निम्म्यावर थांबतो, तेव्हा पेनड्राइव्हला. ब्राउझर बंद पडतो, गेम मध्येच बाहेर फेकतो, लग्नाच्या फोटोचा खालचा अर्धा भाग हिरवा-जांभळा होतो. प्रत्येक वेळी आरोपी नवा. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे काहीच बंद न पडणं. डिस्कवर जाणारी प्रत्येक गोष्ट आधी रॅममधून जाते. तिथे एका आकड्यातला एक बिट फिरला आणि फाइल तशीच सेव्ह झाली, तर ती चूक पुढे बॅकअपमध्येही इमानेइतबारे जाऊन बसते. वर्षभरानं उघडकीला येते, तेव्हा मूळ बरोबर प्रत कुठेच उरलेली नसते.

या पुस्तकाचा विषय आहे अशा रॅमची झडती घेणारी साधनं, आणि त्यातही मुख्यतः मेमटेस्ट८६ आणि त्याची भावंडं. पुढच्या प्रकरणांत पेनड्राइव्ह कसा तयार करायचा, कोणता पर्याय कधी निवडायचा, हे सगळं पायरीपायरीनं येईलच. इथे त्याआधीची गोष्ट सांगायची आहे: हे साधन नेमकं काय करतं, आणि त्याच्या साक्षीवर कितपत भिस्त ठेवावी.

रॅमची आजची रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली. पेटंट १९६८ साली मिळालं. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर, एवढ्यात एक बिट, म्हणजे रॅमची एक पेशी. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. युक्ती इतकी साधी की त्यामुळेच ती स्वस्त झाली. पण हा भार गळतो. म्हणून मशीन चालू असेपर्यंत पेशींची प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते, साधारण ६४ मिलिसेकंदांत एकदा. आठ जीबीच्या स्टिकमध्ये असे जवळजवळ ६,८७२ कोटी बिट असतात आणि ते सगळे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा ताजे केले जातात. मशीन अधूनमधून हँग होतं याचं नवल करावं, की इतकं सगळं असूनही बहुतेक वेळ ते चालतं याचं, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

या नाजूकपणाची जाण सुरुवातीच्या लोकांना होती. १९८१चा आयबीएम पीसी सुरू होताना आपली मेमरी मोजून, तपासून पाहायचा, आणि दर आठ बिटांमागे एक नववा पहारेकरी बिट ठेवायचा. हिशेब जुळला नाही तर मशीन सरळ थांबायचं. उद्धटपणाच तो, पण प्रामाणिक. नव्वदच्या दशकात रॅम स्वस्त करण्याच्या शर्यतीत घरगुती मशीनमधून तो नववा बिट गेला. बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० सालीच चूक नुसती ओळखणारी नव्हे, तर दुरुस्तही करणारी पद्धत मांडली होती. तिच्याच वंशातली ईसीसी मेमरी ६४ बिटांमागे आठ जादा बिट ठेवते, आणि सर्व्हरमध्ये ती सर्रास असते. घरच्या आणि ऑफिसच्या मशीनमध्ये मात्र क्वचितच. हा काटकसरीचा निर्णय होता आणि माझ्या मते चुकीचा. लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांनी २०२१च्या सुरुवातीला याच मुद्द्यावर इंटेलला जाहीरपणे फैलावर घेतलं होतं. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात, लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, नव्या आवृत्तीची गडबड ऐन भरात असताना, खुद्द त्यांच्याच मशीनची रॅम बिघडली. त्या मशीनमध्ये ईसीसी नव्हती. प्रोग्राम कारण नसताना कोसळू लागले आणि त्यांनीही आधी संशय घेतला तो कर्नलमधल्या नव्या कोडवर. हार्डवेअर-सॉफ्टवेअर कोळून प्यायलेल्या माणसाचाही आळ घेण्याचा क्रम आपल्यासारखाच निघाला!

पहारेकरी गेला, तर निदान अधूनमधून झडती तरी घेतली पाहिजे. ती सोय १९९४ साली क्रिस ब्रेडी यांनी करून दिली. मेमटेस्ट८६ हा त्यांचा छोटासा प्रोग्राम फुकट होता आणि एका फ्लॉपीवर मावायचा. त्याचा पुढचा वंशविस्तार थोडा गुंतागुंतीचा आहे आणि त्यानं आजही लोकांची फसगत होते, म्हणून तो सांगून टाकतो. २००४ साली सॅम्युएल डेमुलमीस्टर यांनी त्याच कोडवरून वेगळी शाखा काढली आणि नावापुढे अधिकचं चिन्ह लावलं: मेमटेस्ट८६+. मूळ मेमटेस्ट८६ २०१३ साली पासमार्क कंपनीकडे गेलं. तिची नवी आवृत्ती बंदिस्त कोडची आहे, मर्यादित स्वरूपात फुकट आणि पुढे पैसे मोजून. अधिकवालं खुलंच राहिलं, पण त्याच २०१३मध्ये ५.०१ आवृत्ती आल्यावर बराच काळ थंडावलं. मधल्या काळात मशीन सुरू करून देणारं जुनं बायोस जाऊन यूईएफआय आलं आणि ५.०१ नव्या मशीनवर सुरूच होईना. मार्टिन व्हिटेकर यांनी हाच कोड घेऊन पीसीमेमटेस्ट नावानं त्याची नव्यानं मांडणी केली, तिच्या पायावर २०२२ साली ६.०० आली आणि गाडी पुन्हा रुळावर लागली. तेव्हा कोणी जुन्या माहितीवर विसंबून ‘मेमटेस्ट आमच्या लॅपटॉपवर चालतच नाही’ असं म्हणालं, तर आधी आवृत्ती विचारावी.

हा प्रोग्राम विंडोजच्या आत का चालत नाही, हा नेहमीचा प्रश्न. उत्तर सरळ आहे: विंडोज स्वतःच रॅममध्ये बसलेलं असतं. ज्या खोलीची झडती घ्यायची तिच्यातली माणसं आधी बाहेर काढावी लागतात. म्हणून मेमटेस्ट ऑपरेटिंग सिस्टीम येण्याआधीच, एकटं सुरू होतं. तरीही एक माणूस आत उरतोच, तो म्हणजे मेमटेस्ट स्वतः. त्यावर तोड म्हणून हा प्रोग्राम चालता चालता स्वतःलाच दुसऱ्या जागी हलवतो आणि मग आपली आधीची जागा तपासतो. विंडोजमध्ये व्हिस्टापासून आलेलं मेमरी डायग्नोस्टिकही याच कारणानं मशीन रीस्टार्ट करायला लावतं. लिनक्सवरचं मेमटेस्टर सिस्टीम चालू असतानाच काम करतं, पण त्याच्या वाट्याला जेवढी मोकळी मेमरी येते तेवढीच ते तपासू शकतं. दूरच्या सर्व्हरसाठी ते बरं, मशीन समोर असताना त्यावर थांबू नये.

आता मूळ मुद्द्याकडे. मेमरी तपासायची म्हणजे काय करायचं? सगळीकडे शून्य लिहा, वाचा, सगळीकडे एक लिहा, वाचा, झालं. असं वाटतं खरं, आणि एखादा बिट कायमचा एकाच स्थितीत अडकला असेल तर तो यात सापडेलही. पण रॅमच्या खोड्या त्याहून आडवळणाच्या असतात. एखादी पेशी स्वतः ठणठणीत असते, पण शेजारच्या पेशीत काही लिहिलं की हिचा बिट फिरतो. कधी पेशी सगळ्या चांगल्या, पण पत्ता ओळखणारी यंत्रणाच चुकते आणि दोन वेगळे पत्ते एकाच जागी नेऊन सोडते. तिथे सगळीकडे शून्य लिहून सगळीकडून शून्य वाचलं, तर परीक्षा उत्तम पास! म्हणून मेमटेस्ट प्रत्येक जागी त्या जागेचा स्वतःचाच पत्ता लिहितं आणि मग फिरून विचारतं, ‘तू कोण?’ दोन पत्ते एकाच जागी जात असतील, तर एकाचं उत्तर चुकतंच.

शेजाऱ्यांच्या भांडणासाठी वापरतात ती पद्धत मला या सगळ्यात सर्वांत देखणी वाटते. इंग्रजीत तिला मूव्हिंग इन्व्हर्जन्स म्हणतात. सगळी मेमरी एका नमुन्यानं भरायची. मग अगदी खालच्या पत्त्यापासून वर निघायचं: प्रत्येक जागी नमुना शाबूत आहे का पाहायचं आणि लगेच तिथे उलटा नमुना लिहून पुढे जायचं. वरच्या टोकाला पोचलं की त्याच वाटेनं उतरायचं, आता उलटा नमुना तपासत आणि मूळ नमुना परत लिहीत. चढताना एखाद्या जागेवर लिहिल्यामुळे तिच्या पुढची जागा बिघडली, तर पुढच्याच पावलाला ते कळतं. मागची बिघडली, तर उतरताना. दोन्ही दिशांनी चालण्याचं कारण एवढंच. यामागे तालेवार गणित आहे. १९७८ साली नायर, थत्ते आणि अब्राहम या तिघांनी आयईईईच्या नियतकालिकात मेमरी तपासण्याच्या कार्यक्षम रीतींवर लिहिलेला निबंध या क्षेत्रात आजही आधाराला घेतला जातो. थत्ते हे आडनाव तिथे पाहून मराठी वाचकाची मान क्षणभर ताठ झाली तर हरकत नाही. पुढे सुक आणि रेड्डी यांनी १९८१ साली या कूच करत जाणाऱ्या चाचण्यांना पद्धतशीर रूप दिलं.

कार्यक्षमतेचा एवढा ध्यास कशासाठी, तेही पाहू. प्रत्येक बाइटचा प्रत्येक दुसऱ्या बाइटवर काही परिणाम होतो का, हे एकेक जोडी लावून पाहायचं ठरवलं, तर आठ जीबीच्या स्टिकला सेकंदाला एक अब्ज तपासण्यांच्या वेगानं दोन हजारांहून अधिक वर्षं लागतील. म्हणजे सातवाहनांच्या काळात लावलेली चाचणी अजून संपली नसती. त्यामुळे कोणतीही खरीखुरी चाचणी ही निवडच असते: कोणत्या खोड्या शोधायच्या आणि कोणत्या सोडून द्यायच्या, याची.

त्यात आणखी दोन अडचणी. पहिली म्हणजे प्रोसेसरची कॅश, म्हणजे त्याच्या हाताशी असलेली छोटी मेमरी. रॅमला प्रश्न विचारावा आणि उत्तर मधल्यामध्ये कॅशनंच द्यावं, असं होऊ शकतं. म्हणून दर विसावी जागा एका नमुन्यानं आणि मधल्या सगळ्या उलट्या नमुन्यानं भरणारी एक चाचणी असते. कॅशला आणि मधल्या बफरला चकवणं हाच तिचा उद्देश. दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे. पत्त्यानं शेजारी असलेल्या पेशी सिलिकॉनवर शेजारी असतीलच असं नाही. चिप बनवणारे आपल्या सोयीनं ओळी फिरवतात आणि तो नकाशा बाहेर देत नाहीत. मग यादृच्छिक आकडे भरून, मोठमोठे तुकडे इकडून तिकडे हलवून, सगळं भरून काही मिनिटं नुसतं थांबून भार गळतो का पाहून, अशा अनेक अंगांनी अंधारात चाचपावं लागतं. एका फेरीत हे सगळे प्रकार होतात, म्हणून वेळ लागतो. मोठ्या रॅमला कित्येक तास.

२०१४ साली यात नवीच भर पडली. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या योंगू किम आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की रॅममधली एकच ओळ झपाट्यानं पुन्हा पुन्हा उघडबंद केली, तर तिला लागून असलेल्या ओळींमधले बिट फिरतात. त्यांनी तपासलेल्या १२९ स्टिकांपैकी ११० यात सापडल्या. रोहॅमर नावानं हे गाजलं, आणि पुढच्याच वर्षी गूगलच्या सुरक्षा संशोधकांनी त्याचा वापर करून मशीनचा ताबा घेऊन दाखवला. पासमार्कच्या मेमटेस्टमध्ये तेव्हापासून हातोडा चाचणी आहे. फक्त तिच्यातच लाल ओळ, म्हणजे चूक, आली आणि बाकी सगळं स्वच्छ असेल, तर मी ती स्टिक लगेच फेकून देणार नाही. रोजच्या कामात अशी ठोकाठोक कोणताच प्रोग्राम सहसा करत नाही. बँकेच्या किंवा अनेकांना भाड्यानं दिलेल्या सर्व्हरची गोष्ट वेगळी.

इथे वैश्विक किरणांचा विषय निघतोच, कारण तो सांगायला फार छान आहे. १९७८ साली इंटेलच्या टिमोथी मे आणि मरी वुड्स यांनी शोधून काढलं की चिपच्या आवरणातल्या किरणोत्सारी अंशांतून निघणारे अल्फा कण बिट फिरवतात. आयबीएमच्या जेम्स झिगलर यांनी पाठोपाठ आकाशातून येणाऱ्या किरणांकडे बोट दाखवलं. १८ मे २००३ रोजी बेल्जियममध्ये निवडणूक झाली, तेव्हा ब्रुसेल्सच्या स्कारबेक भागात मारिया विंडेव्होगेल या उमेदवाराला यंत्रानं नेमकी ४,०९६ मतं जास्त दिली. आकडा अशक्य दिसला म्हणून फेरमोजणी झाली. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, अर्थात एकच बिट उलटला होता. मग यंत्र पुन्हा पुन्हा तपासलं, तर त्यात काही दोष सापडेना, म्हणून संशय किरणांवर गेला. अशी एकदाच घडून गेलेली चूक मेमटेस्टला कधीच सापडणार नाही. झडती घ्यायच्या आत आरोपी पसार झालेला असतो.

पण ही किरणांची गोष्ट दुकानात पळवाट म्हणून वापरली जाते, ते मला पटत नाही. गूगलनं आपल्या हजारो सर्व्हरची अडीच वर्षांची नोंद तपासून २००९ साली निष्कर्ष छापले. वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक स्टिकांमध्ये कधी ना कधी चूक नोंदली गेली होती, आणि चुकांचा मोठा वाटा आकाशातून आलेला नसून त्याच त्या बिघडलेल्या पेशींचा दिसत होता. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ साली सामान्य लोकांच्या सुमारे दहा लाख पीसींचा अभ्यास मांडला. आठ महिन्यांत किमान तीस दिवसांइतका प्रोसेसर वेळ चाललेल्या मशीनमध्ये रॅमच्या एका बिटामुळे कोसळण्याची शक्यता १,७०० मध्ये १ होती. एकदा कोसळल्यावर दुसऱ्यांदा कोसळण्याची मात्र १२ मध्ये १. तेही मेमरीच्या अगदी छोट्या भागावर नजर ठेवून. एकदा चुकलेली रॅम पुन्हा चुकते, आणि पुन्हा चुकते म्हणूनच मेमटेस्टला सापडते.

आता साक्षीचं मोल. हातोडा चाचणी सोडून पडद्यावर एक जरी लाल ओळ आली तर विषय संपला. ‘शंभर कोटींत एकच तर चूक’ असा हिशेब इथे चालत नाही. काहीतरी बिघडलं आहे हे नक्की. काय बिघडलं आहे ते मात्र अजून ठरायचं असतं. एकेक स्टिक वेगळी लावून पाहावी, स्लॉट बदलून पाहावा. चूक स्टिकबरोबर फिरली तर स्टिक दोषी. स्लॉटलाच चिकटून राहिली तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसर. असेंबल केलेल्या मशीनमध्ये एक्सएमपी (रॅमला ठरलेल्यापेक्षा जोरात पळवणारा पर्याय) चालू असेल तर आधी तो बंद करून पाहावा, कारण डीडीआर४ची ठरलेली १.२ व्होल्टची चाकोरी सोडून १.३५ व्होल्टवर पळवलेली रॅम चुकली तर तो तिचा दोष म्हणता येत नाही. चारही स्टिक एकदम खराब निघाल्या तर रॅमवर नव्हे, एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठ्यावर, संशय घ्यावा.

उलट, पडदा स्वच्छ राहिला तर फक्त एवढंच कळतं की या वेळात, या तापमानाला, या नमुन्यांना रॅम चुकली नाही. काही पेशींची भार धरून ठेवण्याची क्षमता आपोआप कमी-जास्त होत राहते, हे १९८७पासून माहीत आहे. आजची चांगली पेशी उद्या कच्ची निघते. आणि तापमान वाढलं की गळती वाढते. म्हणूनच चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेली की रॅम दुप्पट वेगानं ताजी करावी लागते. जानेवारीत कॅबिनेट उघडं ठेवून घेतलेल्या चाचणीवर चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या बंद खोलीचा निकाल देता येत नाही. तक्रार जिथे आणि जेव्हा उद्भवते, तिथेच आणि तेव्हाच चाचणी लावावी, आणि एका फेरीवर समाधान मानू नये. रात्री लावून सकाळी पाहण्याची जुनी पद्धत अजूनही सगळ्यात चांगली.

शेवटच्या प्रकरणाबद्दल दोन शब्द, कारण त्यावर मतभेद होतील. मेमटेस्ट८६+ खराब जागांचे पत्ते लिनक्सला समजतील अशा स्वरूपात छापून देऊ शकतं, आणि रिक व्हॅन राइन यांच्या बॅडरॅम या जुन्या कल्पनेप्रमाणे त्या जागांना कुंपण घालून बाकीची रॅम वापरता येते. विंडोजमध्येही तशी सोय आहे. अनेक जाणकार याला जुगाड म्हणून नाक मुरडतात, आणि जिथे स्टिक बदलणं शक्य आहे तिथे त्यांचंच खरं. पण आजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच झाळलेली असते. एका पेशीसाठी अख्खा बोर्ड बदलायचा खर्च अनेकांना झेपणारा नसतो. अशा मशीनवर कुंपण घालून मुलांचा अभ्यास, सिनेमे, पत्रव्यवहार खुशाल चालवावा. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा रात्रभर मेमटेस्ट लावावं आणि खराब पत्ते वाढलेत का ते पाहावं. वाढत असतील तर ते मशीन संपलं. आणि जीएसटीचे हिशेब, सोसायटीचं खातं किंवा मूळ फोटोंचा एकमेव साठा त्यावर पहिल्या दिवसापासूनच ठेवू नये.